दहा गोणी मीठ आणि आबांचे गुडघे

आमच्या चार पिढ्यांनी ठाण्याच्या खाडीतून मीठ काढलं. मी एका महिन्यात दहा गोणी मीठ परत पाण्यात घातलं.

घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. बी.एस्सी., केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. (क्लास कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो.) डोंबिवलीला एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात लॅब सांभाळतो. आबा, म्हणजे माझे वडील, मिठागरात उभे राहून राहून गुडघे घालवून बसलेले. डॉक्टर म्हणाले, "रोज अर्धा तास छातीभर पाण्यात चालवा. नाहीतर ऑपरेशनशिवाय इलाज नाही." ऑपरेशन हा शब्द ऐकताच आबा उठले आणि त्याच दुखऱ्या गुडघ्यांवर तडक रिक्षात जाऊन बसले. पुढच्या आठवड्यात त्यांना एका क्लबच्या तलावावर नेलं, तर काठावरच त्यांनी नाक धरलं.

"यो पानी हाय का फिनेल? मी नाय उतरायचा!"

मग मी घरामागे, जिथे पूर्वी पेंढा रचायचो तिथे, वीस फूट बाय दहा फुटांचा तलावच बांधला. (जमिनीचा एक तुकडा बिल्डरला दिला की माणसाला अशा कल्पना सुचतात.) त्याला मिठावर चालणारं मशीन बसवलं. पाण्यात थोडं मीठ घालायचं. ते पाणी पंपाने एका नळीतून फिरतं, नळीत धातूचे पत्रे असतात, त्यांना वीज दिली की मिठापासून जागच्या जागी क्लोरीन तयार होतं आणि पाणी स्वच्छ राहतं. फिनेलचा वास नाही, डोळ्यांची आग नाही. हे सगळं मी आबांना वही-पेन घेऊन समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजे आमी जल्मभर पान्यातून मीठ भायेर काढलं, नि तू ते आत घालतंस?"

"आबा, हे सायन्स आहे."

"यासाठी तुना कॉलेजात घातला व्हता?"

मी हिशेब केला. लिटरला साडेतीन ग्रॅम म्हणजे तीन गोणी. कल्याणच्या घाऊक बाजारातून आणल्या, घातल्या. पहिले काही दिवस झकास गेले. मग मशीनवर लाल दिवा लागला : मीठ कमी. मी चौथी गोणी घातली. दिवा लाल. पाचवी घातली. दिवा लाल. दुकानदार विचारायला लागला, "शेठ, लोणच्याचा कारखाना टाकला का?"

आबा रोज काठीवर भार देत तलावाशी यायचे, पण आत उतरायचे नाहीत. वाकून बोट बुडवायचे, जिभेला लावायचे, मग दोन बोटं एकमेकांवर चोळून बघायचे. मिठागरात पाणी तसंच बघतात.

"मीठ बास झालं. आता नको टाकू."

"आबा, मशीन मोजून सांगतंय."

"त्या मशीनला जीभ हाय का?"

बायको, शुभांगी, म्हणाली, "अहो, बाटलीभर पाणी तुमच्या लॅबमध्ये नेऊन तपासा ना. पाच मिनिटांचं काम."

"मशीन नवीन आहे. तीन वर्षांची गॅरंटी आहे!" मी म्हणालो. (गॅरंटी माझी नव्हती.) आणि सहावी गोणी फोडली. पाणी हळूहळू हिरवट व्हायला लागलं, तेव्हा मी समजलो की क्लोरीन कमी पडतंय, म्हणजे मीठ कमी पडतंय. माझं सगळं शिक्षण पणाला लावून मी दहाव्या गोणीपर्यंत पोहोचलो.

इतक्यात आबांनी शब्द दिला, "येत्या रयवारी उतरतो." डॉक्टरांना पुन्हा दाखवायची वेळ जवळ आलेली. आता नाही तर कधीच नाही, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. शुभांगीने नारळ आणला. आबांचे मिठागरातले जोडीदार दामूकाका आणखी दोन म्हाताऱ्यांना घेऊन आले. मी मशीनवरचा लाल दिवा दिसू नये म्हणून त्यावर टॉवेल टाकला.

आबा काठावर आले. सवयीने बोट बुडवलं, चाखलं आणि मान हलवत दामूकाकांकडे बघितलं. दामूकाका बसले, त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन तीर्थासारखं तोंडात घातलं. मग उरलेल्या दोघांनी. चार म्हातारे डोळे मिटून चव घेत होते. मंदिरातसुद्धा मी इतकी शांतता पाहिलेली नाही.

"आषाढातली खाडी! पावसाचा पानी मिसळला का अशीच लागते," दामूकाका म्हणाले.

"बरोब्बर!" बाकीचे दोघे म्हणाले.

"मीठ बास झालं, सांगितलं व्हतं ना?" म्हणत आबा काठी उचलून घराकडे वळले. मी धावत जाऊन फोन लावला. कल्याणहून मशीनवाला तासाभरात बाइकवर आला. (तोवर शुभांगीने सगळ्यांना चहा दिला आणि माझ्याकडे बघणं टाळलं.) त्याने नळी उघडली. आतल्या पत्र्यांवर पांढरी जाड पुटं चढलेली.

"बोअरचं पाणी भरलं ना, साहेब? त्याचा चुना बसलाय. पत्रे झाकले गेले की मशीनला मीठ दिसतच नाही. क्लोरीन पण बनत नाही. मीठ कमी नव्हतं. मशीन आंधळं झालेलं." त्याने स्वतःचं मीटर पाण्यात धरलं आणि माझ्याकडे बघितलं. "लिटरला अकरा ग्रॅम! किती गोण्या टाकल्या?"

"दहा."

"तुम्ही करता काय, साहेब?"

"नोकरी."

"कसली?"

मी खोकलो. शुभांगी म्हणाली, "लॅबमध्ये असतात. केमिस्ट्री."

त्याने सभ्यपणे मान खाली घातली आणि नळी पुसायला घेतली. "तीनातले दोन हिस्से पाणी काढून टाकावं लागेल. गटारात सोडा, मग गोडं पाणी भरा."

घराच्या पायरीवर बसलेले आबा उभे राहिले. काठी न घेता!

"काय म्हंतो यो? गटारात?"

"हो, आबा," मी म्हणालो. "सात गोण्या जास्त झाल्यात."

"सात गोनी मीठ गटारात?" त्यांचा आवाज बदललेला. "एक गोन भरायला उन्हात किती जीव जातो, ठावं हाय तुना? आमी खाली सांडलेलं मीठ पन येचून घेतलंय रं."

आबांनी सदरा काढून दामूकाकांच्या हातात दिला आणि कठडा धरून एकेक पायरी उतरायला लागले.

शुभांगी ओरडली, "आबा, अहो, पाणी हिरवं आहे!"

"खाडी काय निळी व्हती?"

छातीभर पाण्यात ते उभे राहिले. मग चालायला लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आधी कठड्याला धरून, मग सोडून. मशीनवाला हातातला ब्रश तसाच धरून बघत राहिला. नारळ फोडायचा राहूनच गेला.

मीठ गटारात गेलं नाही, असं म्हणता येणार नाही. पण ते एकदम गेलं नाही. मशीनवाल्याच्या सल्ल्याने तोवर हाताने थोडं थोडं औषध टाकून मी पाणी स्वच्छ केलं, आणि आबांचं लक्ष नसताना बादली-बादलीने बदललं. आबा रोज उतरले. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी गुडघे वाकवून बघितले आणि ऑपरेशनचं नाव काढलं नाही.

आता मिठाचं खातं आबांकडे आहे. ते सकाळी बोट बुडवतात, चाखतात आणि "आज नको" किंवा "अर्धी गोन" असं सांगतात. मी नंतर गुपचूप मीटर लावून बघतो. अजून एकदाही ते चुकलेले नाहीत.

परवा दामूकाकांनी पाहुण्यांसमोर विचारलं, "पानी तुजा बापूस चाखतो, मशीन कल्यानचा पोरगा धुतो. मंग तू काय करतंस?"

मी काही बोलायच्या आत आबाच अभिमानाने म्हणाले, "जाळीनं पानं काढतो. एक पान सोडत नाय! शिकलेला हाय तो."