साहेबांचा चेंडू

गोल्फला खेळ म्हणायला मी आजही तयार नाही. मी सांगलीत मुलींच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं, खो-खोपासून सॉफ्टबॉलपर्यंत सगळं. खेळ म्हटला की धाप लागते, गुडघे फुटतात, समोरचा तुम्हाला हरवायला टपलेला असतो. गोल्फमध्ये चेंडू जमिनीवर गप्प पडलेला असतो. त्याला कुणी फेकत नाही, कुणी अडवत नाही. तरीसुद्धा इस्त्रीच्या कपड्यांतले पोट सुटलेले पुरुष त्याच्याभोवती काठी फिरवतात आणि त्यांना तो लागत नाही. मग ते वाऱ्याला दोष देतात, गवताला देतात, काठीला देतात. आमच्या शाळेतल्या पाचवीच्या पोरींनी अशी कारणं सांगितली असती तर मी त्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावलं असतं.

हे खूळ विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये शिरलं ते नवऱ्याच्या साहेबांमुळे. नवरा फौजेत हवालदार होता. समोर मी त्याला अहो-जाहो करते, लिहिताना मात्र ते हातून होत नाही. नोकरीतली बरीच वर्षं तो या एकाच साहेबांचा सहायक होता. नातेवाइकांत त्याचा अर्थ ‘मोठ्या साहेबांच्या ऑफिसात’ असा सांगितला जायचा. खरा अर्थ मला माहीत होता. बूट, कपडे, मुलांची शाळा, मेमसाहेबांची भाजी आणि रोज पहाटे गोल्फ. म्हणजे साहेबांचा गोल्फ. नवऱ्याने पुढे जाऊन उभं राहायचं आणि साहेबांचा चेंडू कुठे पडतो ते बघायचं. झुडपात गेला तर झुडपात शिरायचं, चिखलात गेला तर चिखलात. याची नजर घारीची आहे, असं साहेब चारचौघांत म्हणायचे, आणि हे वाक्य नवऱ्याने सुट्टीवर आल्यावर मला किती वेळा ऐकवलं असेल त्याला सुमार नाही. मी एकदा त्याला तोंडावर म्हटलं होतं की नजर घारीची असेल, काम कुत्र्याचं आहे. तेव्हा तो जेवता जेवता उठला होता.

निवृत्त होताना साहेबांनी त्याला स्वतःची एक जुनी काठी दिली. सात नंबरची, लोखंडी तोंडाची, मुठीवरचं रबर गुळगुळीत झालेली. ती उशीच्या अभ्र्यात गुंडाळून कपाटावर ठेवलेली असायची आणि वर्षातून एकदा, दसऱ्याला, खाली यायची. आमच्याकडे फौजी घरांत शस्त्रपूजा मोठ्या थाटाची असते. सासऱ्यांची तलवार होती, दिराचा कोयता होता, मी माझी शिट्टी ठेवायची. त्या रांगेत नवरा ही काठी मांडायचा. तिला हळद-कुंकू लावायचा, झेंडूचा हार घालायचा, वर आपट्याचं पान ठेवायचा. ज्या हत्याराने याच्यावर हुकूम चालला त्याचीच हा पूजा करतोय, असं मला दरवर्षी वाटायचं आणि दरवर्षी माझं डोकं फिरायचं.

मग एक दिवस साहेबांचा फोन आला. साताऱ्यापुढे त्यांनी शेत घेतलं होतं, आणि त्यात ऊस-भाजीपाला असं काही शहाणपणाचं न करता गोल्फचं छोटं मैदान केलं होतं. तीन झेंडे, तीन खड्डे. उद्घाटनाला जोडीने या, असं आमंत्रण होतं. नवऱ्याने फोन स्पीकरवर टाकला होता, बहुधा मला ऐकवायलाच.

“आणि हे बघ, या वेळी तू खेळायचं,” साहेब म्हणाले. “बॅग दुसरा कुणीतरी उचलेल.”

फोन ठेवल्यावर नवऱ्याने विचारलं, कॉलरचा पांढरा टी-शर्ट चांगला कुठे मिळेल. एवढी वर्षं जे मैदान त्याने फक्त वाकून तुडवलं, तिथे त्याला आता सरळ उभं राहायचं होतं, साहेबांच्या शेजारी. हे मला समजत होतं. समजत होतं म्हणूनच चीड येत होती. माणसाने साठीच्या घरात येऊन मागावं ते काय, तर एका कर्नलच्या बाजूला उभं राहून काठी फिरवायची परवानगी.

सराव कवठे महांकाळला सुरू झाला. तिथे दिराची द्राक्षबाग आहे आणि बागेमागे आमचा वाटणीचा माळ. खडे, कुसळं, दोन बाभळी, बाकी काही नाही. दर रविवारी आम्ही गाडी काढून जायचो. पहिल्या दिवशी नवऱ्याने घरातलं जुनं पायपुसणं अंथरलं, त्यावर चेंडू ठेवला, मोबाइलवर कुण्या गोऱ्या मास्तरची चित्रफीत बघितली आणि काठी उगारली. माळावरची धूळ उडाली. चेंडू होता तिथेच होता. दुसऱ्यांदा पायपुसणं उडालं. दीर बागेतली कामं सोडून बघायला आला होता.

“दादाला झालंय तरी काय, वैनी?” त्याने मला विचारलं. मी म्हटलं, प्रमोशन.

चेंडूवर नजर ठेवा, एवढंच मी सांगत होते. सॉफ्टबॉलमध्ये हा पहिल्या दिवसाचा धडा असतो. चेंडू लागेपर्यंत त्याच्यावरून डोळे काढायचे नाहीत. तो गोरा मास्तरही तेच सांगत असावा, कारण तो सारखा स्वतःच्या डोळ्यांकडे आणि मग खाली बोट दाखवत होता. “बघतोय की,” नवरा म्हणायचा आणि पुन्हा धूळ उडवायचा. मला वाटलं, वय झालं, मोतीबिंदू असेल. डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डोळे ठणठणीत निघाले. डॉक्टर म्हणाले, यांना लांबचं फार छान दिसतं.

पुढच्या रविवारी मी बाजूला उभी राहायचं सोडून त्याच्या समोर जाऊन उभी राहिले. काठीकडे बघितलं नाही, त्याच्या तोंडाकडे बघितलं. काठी वर गेली तोवर डोळे चेंडूवर होते. खाली यायला लागली आणि काठी चेंडूपाशी पोचायच्या आधीच त्याचे डोळे उठले आणि बाभळीच्या पार गेले. मान गेली, खांदा गेला. आणि डावा हात काठीवरून सुटून कपाळावर गेला, उन्हाची तिरीप अडवायला धरतात तसा. चेंडू पायाशीच होता. हा मात्र हात कपाळाला लावून माळाच्या टोकाला त्याला शोधत होता.

मला आधी हसू फुटलं. मग ते बंद झालं, कारण तो हात मी पूर्वी बघितला होता. लग्नानंतर मी एकदा त्याच्या छावणीत महिनाभर राहिले होते. फिरायला गेले असताना लांबून मैदान दिसलं. हिरव्यागार गवताच्या कडेला एक माणूस हात कपाळावर धरून उभा होता. मागून कुणीतरी चेंडू मारला आणि तो माणूस झाडीच्या दिशेने पळत सुटला. पळायच्या ढबीवरून मी ओळखलं की हा माझाच नवरा. मी तिथून तशीच परत फिरले आणि बघितल्याचं त्याला कधी सांगितलं नाही.

त्या दिवशी माळावर सांगितलं. जरा जास्तच सांगितलं.

“तुम्ही तुमचा चेंडू मारतच न्हाई,” मी म्हणाले. “तुम्ही अजून त्यांचाच शोधताय.”

त्याने काठी अभ्र्यात घातली आणि गाडीत जाऊन बसला. मला वाटलं, सुटले, खूळ संपलं. पण पुढच्या रविवारी मी उठायच्या आत तो बूट घालून तयार होता. चहाचा कप माझ्यापुढे ठेवत म्हणाला, काय करायचं ते सांग. एवढ्या वर्षांत त्याने मला मास्तरीण म्हणून पहिल्यांदा काही विचारलं होतं.

मी माझ्या कपाळावरची टिकली काढून पायपुसण्यावर चिकटवली आणि तिच्यापुढे चेंडू ठेवला. चेंडू गेला तरी टिकलीवरून नजर हटवायची नाही, मी हो म्हणेपर्यंत. चेंडू कुठे जातो ते बघायचं काम तुमचं नाही. “मग कोण बघणार?” त्याने विचारलं. खरोखरच विचारलं, चेष्टेने नाही. त्याच्या डोक्यात ती जागा रिकामी राहूच शकत नव्हती. मी बघते म्हटलं. म्हणजे शेवटी मी सहायकाची सहायक झाले. माझी काय लायकी झाली होती ते दिराच्या तोंडावर दिसत होतं.

पण चेंडू उडायला लागला. आधी वाकडातिकडा, मग बरा. मारल्यावर तो टिकलीकडे बघत तसाच वाकून राहायचा आणि खालूनच विचारायचा, “कुठं गेला?” मी सांगायची. बाभळीच्या अलीकडे. बाभळीच्या पलीकडे. बांधावर. हळूहळू त्याचा डावा हात काठीवरून सुटायचा थांबला. टिकल्यांची पाकिटं मात्र मला घाऊक आणावी लागली.

उद्घाटनाला आम्ही साताऱ्याला गेलो. आजूबाजूला ऊस, आणि मधोमध ते हिरवं लाड केलेलं गवत, त्यावर पाण्याचे फवारे चाललेले. गावच्या टाकीचं पाणी दिवसाआड येतं, असं तिथे चहा देणारी बाईच मला सांगत होती. साहेब पांढऱ्या पँटमध्ये होते. नवऱ्याने नमस्काराला हात जोडले, आणि साहेब त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, “गाडीतून बॅग काढ रे.” दुसरा कुणीतरी उचलणार होता ना. दुसरा कुणी नव्हता. नवऱ्याने बॅग काढली आणि खांद्याला लावली. नवा टी-शर्ट पट्ट्याखाली चुरगळला. माझ्या कानशिलातून वाफा निघत होत्या.

मग आपल्याकडे होतं ते सगळं झालं. नारळ फुटला, सगळ्यांना फेटे बांधले गेले. पहिला फटका साखर कारखान्याच्या एका संचालकांचा होता. या मंडळींचं सगळं आयुष्य फोटोवाल्याकडे बघण्यात जातं. गाळप हंगामाची मोळी टाकतानासुद्धा त्यांचं तोंड कॅमेऱ्याकडे आणि मोळी भलतीकडे असते. इथेही तेच. फोटोवाला म्हणाला, इकडे बघा, आणि ते तिकडे बघत काठी फिरवून मोकळे झाले. फेट्याचा शेमला तोंडावर आला. चेंडू हलला नाही. टाळ्या मात्र पडल्या. साहेबांनी ‘वा’ म्हटलं, आणि फोटो छान आला असणार यात मला शंका नाही. त्यानंतर साहेबांनी मारला. नवरा कुणी न सांगताच पुढे गेला होता, गवताच्या कडेला, हात कपाळावर. मी मांडवात खुर्चीवर बसून हातातली पोह्यांची बशी बघत राहिले. वर बघवत नव्हतं.

सगळ्यांचं मारून झाल्यावर साहेबांना आठवलं. “अरे हो, तू पण मार एक,” ते म्हणाले. एक. भिकाऱ्याला द्यावा तसा.

नवऱ्याने बॅग खाली ठेवली. फेटा काढून माझ्या मांडीवर आणून ठेवला. अभ्र्यातून स्वतःची काठी काढली. मग खिशातून टिकल्यांचं पाकीट काढलं, एक लाल टिकली सोडवली आणि चेंडू मारायच्या हिरव्या पट्टीवर नीट दाबून बसवली. संचालक हसले. साहेबही हसले, आणि हसता हसता संचालकांशी पाइपलाइनबद्दल बोलायला लागले. नवऱ्याची काठी वर गेली, खाली आली, टाच्च असा आवाज झाला. मान हलली नाही.

“कुठं गेला?” तो खालूनच म्हणाला.

साहेबांचं बोलणं चालूच होतं. कुणाचं लक्ष नव्हतं. कवठे महांकाळच्या माळावर जायचा त्याहून लांब आणि सरळ तो चेंडू गेला होता, आणि एवढ्या माणसांत तो फक्त मी बघितला. मी खुर्चीवरून उठून मोठ्याने सांगितलं, “सरळ. झेंड्याच्या अलीकडं, दहा पावलं.” माझा आवाज शाळेच्या मैदानावर लागायचा तसा लागला. तेव्हा सगळ्यांनी झेंड्याकडे बघितलं. साहेबांनी बोलणं थांबवलं, तोंडातल्या तोंडात ‘अरे वा’ म्हणाले आणि लगेच स्वतःचा दुसरा चेंडू ठेवायला सरसावले. त्यांना आता आणखी एक मारायचा होता. मारला. चांगला जोर लावून मारला, आणि या वेळी मान त्यांनी स्वतःच वर केली, पण घाईघाईत, चेंडू काही दिसला नाही.

“कुठे गेला रे?” त्यांनी विचारलं.

नवरा खाली बसून नखाने पट्टीवरची टिकली सोडवत होता. त्याने मान वर केली.

“बघितला न्हाई, साहेब,” तो म्हणाला. “मी माझ्याकडं बघत हुतो.”

सवयीने नवऱ्याचा एक पाय पुढे पडला. दुसरा पडला नाही. मग साहेबांनी संचालकांकडे बघितलं, तर ते फोटोवाल्याच्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. शेवटी साहेब एकटेच निघाले आणि डावीकडच्या गवतात काठीने चाचपायला लागले. चेंडू उजवीकडे शेजाऱ्याच्या उसात गेला होता, तिसऱ्या सरीत. मला स्वच्छ दिसला होता. मी पोहे खाल्ले.