सोडियम ते क्लोरीन, शहाबादी फरशीवर

औराद ते उदगीर या पट्ट्यात आमच्या दाजींनी ज्याला अणूच्या आकाराबद्दल प्रश्न विचारला नाही असा माणूस सापडलाच, तर तो त्या दिवशी परगावी गेलेला असणार. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान. औरादच्या एका कॉलेजात पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवायचे. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी खडूचा तुकडा कायम, आणि सपाट जागा दिसली की हात शिवशिवायचा. बसच्या सीटची पाठ, शिंप्याचं टेबल, काही चालायचं. सलूनच्या आरशावर खडू उमटेना, तर त्यांनी गालावरचाच फेस बोटानं काढून इलेक्ट्रॉनची वर्तुळं काढली. न्हावी वस्तरा हातात धरून उभा. "सर, आर्धी दाढी ऱ्हायलीय," तो म्हणाला. दाजी म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आधी सांग, पहिल्या कड्यात किती मावत्यात?" त्या न्हाव्याला पुढे दोन, आठ, आठ तोंडपाठ झालं होतं. अक्का त्यांना बाजारात कोथिंबिरीला पाठवायची आणि कोथिंबीर येणार नाही हे धरूनच फोडणी घालायची.

मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले आणि हौसेनं सायन्स घेतलं. तिथे सगळं इंग्रजीत. पहिल्याच चाचणीत रसायनशास्त्रात नापास झाले आणि आर्ट्सला जाते म्हणून घरी रडत बसले. आमच्या अप्पांचं कापडाचं दुकान. त्यांना दोन्ही सारखंच. दाजींना मात्र ते लागलं. "अणूला कुठं भाषा आस्ती? तू घाबरायलीस कामून?" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज चारला मला त्यांच्या ओसरीवर बसवू लागले.

त्यांच्या ओसरीला काळीशार शहाबादी फरशी होती. तिच्यावर दाजी खडूनं तीन कडी काढायचे, मधोमध प्रोटॉन म्हणून अकरा चिंचोके ठेवायचे आणि कड्यांवर इलेक्ट्रॉन म्हणून जोंधळ्याचे अकरा दाणे. हा सोडियम. शेजारी मॅग्नेशियम, असं करत करत क्लोरीनपर्यंत सगळी रांग दारापर्यंत जायची. "कडी तीनच. मधले चिंचोके वाढायलेत. मग मधला काय करील? बाहेरच्याला आत ओढील. म्हणून अणू लहान व्हायलाय, मोठा न्हाई." हे ते मराठीत सांगत, मग कन्नडात, आणि अगदीच रंगात आले की शेजारच्या चाचांसाठी दखनी उर्दूत. एकदा चिमणीनं येऊन सोडियमच्या शेवटच्या कड्यातला एकुलता एक दाणा उचलला. मी तिला हाकलायला उठले, तर दाजींनी माझा हात धरला. "असू दे, असू दे. बाहेरचा एकटा हुता, सोपा गेला. बघ बरं आतला उचलती का." चिमणीनं लगेच आतलाही उचलला. दाजी जरा खट्टू झाले. "तिला न्हाई कळत," म्हणाले.

बारावीच्या वर्षी मला अठरा पूर्ण झाली आणि कलबुर्गीकडचं एक स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर. अप्पांनी दाजींना आधीच हात जोडून सांगितलं, "आज तेवढं केमिस्ट्री नको." दाजींनी शब्द दिला आणि पाळलाही. खडू घरी ठेवून आले, सुशीला, म्हणजे फोडणीचे भिजवलेले मुरमुरे, निमूटपणे खात बसले. मग मुलाचे वडील म्हणाले, "लग्न माघातच उरकू. परीक्षा राहिली तर राहू द्या, आम्हाला काय नोकरी करवून घ्यायचीय?" अप्पा मान हलवत होते. मी मान खाली घालून बसले होते, पण दाजींनी ताटली खाली ठेवलेली मला दिसली.

"एक विचारू?" ते मुलाकडे वळून म्हणाले. "सोडियमकडून क्लोरीनकडं जाताना अणूत इलेक्ट्रॉन वाढत जात्यात. अणू मोठा व्हतो का लहान?"

मुलगा गडबडला. "वाढतात म्हणजे मोठाच होणार ना?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. "तुला काय वाटतंय?"

अप्पांकडे न बघता मी सगळं सांगितलं, कडी, मधला भार, आतली ओढ. मुलगा सरसावून बसला. "आणि खालच्या ओळीत गेलं की?" त्यानं खरंच कुतूहलानं विचारलं. "नवं कडं येतं, म्हणून मोठा होतो," मी म्हणाले. तेवढ्यात त्याचे वडील उठले. चार दिवसांनी निरोप आला, मुलगी फार बोलते.

अप्पांनी दाजींशी बोलणं टाकलं. अक्का दोन्ही घरांच्या मधे रडकुंडीला आली. दाजींनी सफाई दिली नाही. "म्या शब्द मोडला, हे खरं हाय," एवढंच माझ्यापाशी म्हणाले. मग रोज संध्याकाळी अप्पांच्या दुकानात जायचे, एक हातरुमाल घ्यायचे आणि न बोलता परत यायचे. महिनाभर हे चाललं. शेवटी एके दिवशी अप्पांनी रुमाल पुढे सरकवायचं थांबवलं. "किती रुमाल घ्यायलाव, जावईबापू?" दाजी म्हणाले, "तुम्ही बोलस्तोवर." अप्पांनी चहा मागवला.

मी पास झाले. पुढे बीएस्सी, बीएड केलं, आणि आता उदगीरला याच विषयाची शिक्षिका आहे. दाजी निवृत्त झाले. नंतर अर्धांगाचा एक झटका येऊन गेला. बोलणं शाबूत आहे, हात मात्र थरथरतो.

परवा गेले तेव्हा ते भिंतीवरच्या आवर्तसारणीखाली खुर्ची टाकून बसले होते. तक्ता त्यांच्या नोकरीच्या काळातला, सातव्या ओळीत शेवटाकडची चार घरं बिनानावाची. "ती भरली म्हणं की," ते म्हणाले. "मला कुणी सांगितलंच न्हाई." मी नावं सांगितली, निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसिन, ओगॅनेसॉन. त्यांनी पेन्सिल मागितली. मी लिहिते म्हटलं, तर नको म्हणाले. एकेक नाव दोनदा विचारून, डाव्या हातानं उजवं मनगट धरून त्यांनी चारही घरं भरली, तशी सातवी ओळ पुरी झाली. अक्षरं घरांबाहेर सांडली होती.

"आठवी ओळ सुरू झाली की सांगशील?" त्यांनी विचारलं.

"व्हय, दाजी," मी म्हणाले.