राजीला बोलतं करताना

गप्प बसणं आक्काबाईला जन्मात जमलं नाही. उसाच्या फडात मोळ्या बांधतानाही तिचं तोंड चालू असायचं आणि मुकादमसुद्धा तिच्या नादी लागत नसे. पुढे कंबर गेली, मोळी उचलणं संपलं, आणि ती जामखेडजवळच्या वस्तीवर धाकट्या भावाकडे, अजिनाथकडे, कायमची राहायला आली. अशा बडबड्या बाईच्या पदरात देवाने टाकली ती न बोलणारी भाची!

राजेश्वरीला, म्हणजे राजीला, चौथं सरत आलं तरी तोंडातून एक शब्द नव्हता. कान चांगले होते. हाक मारली की वळायची, पण पाणी हवं असलं की हात धरून माठापाशी ओढत न्यायची. दसऱ्यानंतर अजिनाथ बायकोसह ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघाला तेव्हा राजीच्या आईने, सुरेखाने, तिला आक्काबाईच्या मांडीवर बसवलं.

"आक्का, मी माघारी येईस्तवर हिनं मला एकदा 'आई' म्हनावं. दुसरं काई नगं मला."

"म्हनंल की! न म्हनायला काय झालं?" आक्काबाई शब्द देऊन मोकळी झाली.

जामखेडच्या दवाखान्यात मुलांना बोलायला शिकवणारी एक ताई यायची. आक्काबाई राजीला घेऊन तिच्याकडे गेली. औषधाची बाटली मिळेल या हिशेबाने गेलेली बाई खेळ घेऊन परतली, आणि वाटभर कुरकुरत राहिली. साबणाचे फुगे उडवा, कापूस फुंका, वरच्या ओठाला गूळ लावून जिभेने चाटायला लावा. आणि मुख्य म्हणजे, हवी ती वस्तू लगेच देऊ नका. आपल्या तोंडाजवळ धरा, नाव घ्या, गप्प थांबा. पोरीने आवाज काढला की मगच द्या.

गप्प थांबा! तिथेच आक्काबाईचा जीव जायचा. पण ती थांबली. पपईच्या दांड्याची नळी करून तिने अंगणभर फुगे उडवले. कापूस फुंकायला जमिनीवर पालथी पडली, तेव्हा तिला उठवायला शेजारणींना यावं लागलं. राजी खिदळायची, गूळ चाटायची. एक दिवस तांब्या तोंडाजवळ धरून आक्काबाई ताटकळली असताना पोर म्हणाली, "पा." आक्काबाईने माठालाच हात जोडले.

आता राहिली आई. पण आई होती लांब कर्नाटकात, फडावर. ती तोंडाजवळ धरायची कशी? आक्काबाईला मोबाईल सुचला. संध्याकाळी सुरेखाचा व्हिडिओ कॉल आला की ती मोबाईल तोंडाजवळ धरायची, "आई" म्हणायची आणि थांबायची. राजीने आवाज काढला की हातात द्यायची. अगदी ताईने सांगितलं तसंच.

थंडी सरता सरता राजी म्हणाली, "आई." स्पष्ट. तिकडे सुरेखा पाचटाच्या कोपीबाहेर फतकल मारून रडली आणि तिने सगळ्या टोळीला बोलावून पुन्हा पुन्हा ऐकवलं. इकडे आक्काबाई वस्तीभर मिरवली. म्हातारपणी इतकं सुख तिने मागितलंही नव्हतं.

साखर कारखान्याचा पट्टा पडला, तोडीचा हंगाम संपला. टोळी घेऊन ट्रॅक्टर वस्तीवर आला. सुरेखा भांड्याकुंड्यांवरून उडी टाकून धावली आणि तिने राजीला उचललं. पोर ताठ झाली. हातपाय झाडून खाली उतरली आणि आक्काबाईमागे दडली.

"राजे, ही कोन? आई हाय ना ही? म्हन!" आक्काबाईने तिला पुढे ढकललं.

राजीचा चेहरा उजळला. ती पळत घरात गेली, फळीवरचा मोबाईल काढून छातीशी धरून आली. "आई," ती म्हणाली, आणि तिने सगळ्यांकडे हसून बघितलं.

पोरीचं काहीच चुकलं नव्हतं. तिला जसं शिकवलं तसंच ती बोलली होती. आक्काबाईने मोबाईल हिसकून घेतला, तर राजीने भोकाड पसरलं, "आई! आई!" म्हणत. सुरेखाने पुन्हा हात पुढे केले, पण त्या हातांकडे पोरीने बघितलंही नाही.

"शिकंल गं हळूहळू," अजिनाथ म्हणाला. पावसाळा संपला की पुन्हा फडावर जायचं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

दिवस मावळता सुरेखाने नवऱ्याचा मोबाईल मागून घेतला आणि ती घरामागे गेली. घरातला मोबाईल वाजला. आक्काबाईने तो मुकाट्याने राजीच्या हातात दिला.

"आई," राजी म्हणाली.

"व्हय माय," भिंतीपलीकडून सुरेखाचा आवाज आला, "बोल."