बातमीतले ‘काही’
ट्रंकेच्या तळाशी अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्राचा कुबट वास आला आणि १९४८ सालची वऱ्हाडातली ती शाळा आठवली. हल्ल्यांच्या भीतीनं कळमनुरीकडचं आमचं गाव सोडून आम्ही बायका-लेकरं तिथं राहत होतो. गुरांसाठी दहा पुरुष गावातच थांबले होते, त्यांत माझे वडील. एके दुपारी मी आईला बातमी वाचून दाखवली, आमच्या गावावर हल्ला झाला, काही इसम ठार. “काही म्हंजे किती गं?” आईनं विचारलं. ‘काही’ म्हणजे किती ते शोधायला मी कोपऱ्यातला जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा उपसला. लग्नाला काही पाहुणे, बाजारात काही गाड्या कापूस, पुरात काही घरे. आकडा कुठंच नव्हता. “पाच,” मी छापलेलंच असल्यासारखं सांगितलं. आई त्या दहांतली पाच नावं मेलेल्यांची म्हणून बोटांवर घेऊन थांबली. वडील त्यांत नव्हते. पहिलं नाव शेजारच्या काकूंच्या नवऱ्याचं होतं, आणि काकू तिथंच ज्वारी निवडत होत्या. “माझ्याच मानसाला काहून धरलंस?” “कुनाला तरी धरावंच लागंल न्हाई का,” आई म्हणाली. काकू निवडत राहिल्या. चार दिवसांनी वडील आले, काकूंचा नवरा आला नाही. आज दोघीही नाहीत. पाच हा आकडा माझा होता, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.