सुरमई, पुरणपोळी आणि एक रकाना

कुवेतमधल्या एका भारतीय शाळेत मी वीस वर्षं गणित आणि कॉम्प्युटर शिकवला. निवृत्त होऊन बराच काळ झाला, पण एक गोष्ट मी कधी कबूल केलेली नाही. ती इथे करतो.

दोन हजार सालानंतर ऑनलाइन स्प्रेडशीट आली आणि मला वेडच लागलं. हजेरीचा तक्ता, मार्कांचा तक्ता, अभ्यासाचं वेळापत्रक, सगळ्यांचे कोरे नमुने मी करायचो आणि लिंक मुलांना, शिक्षकांना वाटत सुटायचो. मुलांना एक गोष्ट बजावून सांगे: एकच रकाना उचलून क्रम लावायचा नाही, शेजारचे रकाने जागीच राहतात आणि एकाचे मार्क दुसऱ्याच्या नावापुढे जातात. कुणी तसं केलं की दोन मार्क कापायचो.

त्या हिवाळ्यात दहावीची मुलं आणि शिक्षक खैरानच्या समुद्रावर सहलीला जाणार होते. कुणी काय आणायचं, कुणी काय सांभाळायचं, याचा तक्ता मी केला. आदल्या आठवड्यात नजर टाकली, तर नावं अकारविल्हे नव्हती. ते मला खुपलं. मी नावांचा रकाना उचलला आणि लावला क्रम. फक्त नावांचा.

गंमत म्हणजे कुणी तक्रार केली नाही. तक्त्यात आहे म्हणजे आहे! सदाशिव पेठेतल्या शाकाहारी विज्ञानाच्या सरांच्या वाट्याला तळलेली सुरमई आली. त्यांनी ती शेजाऱ्याकडून तळून घेतली आणि गाडीला वास नको म्हणून डबा टपावर बांधून वाळवंटातून आणला. पी.टी.चे अविवाहित सर शिक्षिकांची संगीत खुर्ची घेत होते, मान खाली घालून. आणि माझे मित्र, रत्नागिरीचे भूगोलाचे सर, ज्यांच्या घरच्या सुरमईसाठी अर्धी शाळा सहलीला यायची, ते पन्नास पुरणपोळ्या घेऊन उतरले.

मुख्याध्यापिका बाईंनी सुरमईतली वाळू थुंकून विचारलं, "तक्त्यात हात कुणी घातला?"

सगळे भूगोलाच्या सरांकडे बघू लागले. ते नुकतेच कॉम्प्युटर शिकत होते आणि "हे बटण दाबलं तर काय होतं?" असं रोज विचारत.

"बाई, मी नाय हात लावला," ते म्हणाले.

"मग पुरणपोळ्या कशा आल्या?"

"तक्त्यात होत्या म्हणून!"

मी तोंडात पुरणपोळी कोंबली. भरल्या तोंडाने बोलू नये, एवढंच मला त्या वेळी सुचलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी हुकूम काढला: भूगोलाच्या सरांना यापुढे सगळ्या तक्त्यांत फक्त बघण्याची परवानगी. ती मीच, माझ्या हातांनी, बदलली. नवा शिकणारा माणूस, त्याच्या नावावर माझा गाढवपणा चिकटला. माझं मन मला खाई. मग मी त्यांची हजेरी, त्यांचे मार्क, त्यांचे निकाल गुपचूप स्वतः भरू लागलो. निवृत्तीपर्यंत.

गेल्या महिन्यात धीर केला आणि रत्नागिरीला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे ते चहा फुरकत होते.

"माहीत आहे सर."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. घरी आल्याबरोबर तक्त्याच्या जुन्या आवृत्त्या उघडल्या. तुमचं नाव, वेळ, सगळं तिथे. कसं बघायचं ते तुम्हीच शिकवलेलंत."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"पहिल्यांदा राग आला होता, खोटं कशाला बोलू? बाईंकडे जाणारच होतो. तेवढ्यात माझ्या तीन वर्गांचे मार्क कुणीतरी भरून ठेवलेले दिसले." ते खो खो हसले. "सर, मार्क भरायचा मला केवढा कंटाळा! म्हटलं, थोडं थांबू."

"थोडं?"

"निवृत्तीपर्यंत. आणि सर, तुमचे दोन मार्क कापायचे राहिलेत. का ते तुम्हाला ठाऊक आहे."