मडमेचा र

गिरगावातल्या आमच्या बिऱ्हाडी मला इंग्रजी शिकवायला मडम येऊ लागली, ती ह्यांच्याच हौसेने. हे कोटात, म्हणजे फोर्टात, एका सॉलिसिटरच्या कचेरीत कारकून होते. मडम आपल्या सुनेला बाटवील, अशी सासूबाईंना धास्ती. शिकवणीच्या वेळी त्या दारातच तांदूळ निवडत बसत. ह्यांना संशय आला तो मात्र एका अक्षरावरून.

एका संध्याकाळी मी ह्यांना धडा वाचून दाखवत होते. ‘बर्ड’ हा शब्द बाई म्हणत तसाच, र जिभेवर घोळवून म्हटला.

“पुन्हा म्हण.”

मी पुन्हा म्हटला.

“साहेब लोक ‘बऽड’ म्हणतात. र ऐकूसुद्धा येत नाही. आणि हे ‘ह्विच’ काय? ‘विच’ म्हण. ही बाई विलायतेची नाही. भायखळ्याची अर्धगोरी असेल. गोरी कातडी बघून आपण फसलो.”

“आपली वरळीची कोळीण ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणते, ‘काळा’ला ‘काला’. तिची भाषा मराठीच ना?”

“ती कोळीण आहे. साहेबांत असं नसतं,” हे म्हणाले.

तेव्हापासून मीही बाईंकडे निरखून पाहू लागले. एकदा कोळीण टोपली घेऊन आली, तर बाईंनी वाकून बांगड्याचा कल्ला उघडून पाहिला आणि ताजा आहे म्हणून मान हलवली. मी चपापले. साहेबाच्या लेकीला हे कसं कळावं? विचारलं तर म्हणाल्या, “मी स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरची. आमच्या गावात सगळे मासळीवरच जगतात.”

हे मी ह्यांना सांगितलं. “सांगायला काय जातं?” एवढंच ते बोलले.

मग ह्यांनी युक्ती काढली. कचेरीतला एक तरुण गोरा कारकून, लंडनचा, चहाच्या निमित्ताने शिकवणीच्या दिवशी घरी आणला. तो आणि बाई समोरासमोर बसून हवेबद्दल, बोटींबद्दल बोलले. बाईंचं मला सगळं कळत होतं. त्या कारकुनाचं निम्मं कळेना. ‘हाउस’ला तो ‘आउस’ म्हणे, आणि ‘थिंक’ म्हणताना थ च्या जागी फ यायचा. दोघंही अतिशय सभ्यपणे हसत होती, आणि दोघांच्याही कपाळाला आठी होती.

बाई गेल्यावर तो ह्यांना हळूच म्हणाला, “ही इंग्रज नव्हे. असले र आमच्याकडे आयरिश मोलकरणी काढतात.”

ह्यांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

पुढच्या शिकवणीला बाईंनी पुस्तक उघडायच्या आधीच विचारलं, “ते गृहस्थ तुमच्या यजमानांच्या किती ओळखीचे? त्यांना ह म्हणता येत नाही. चांगल्या घरचे म्हणून सांगत असतील, तर मला शंका आहे. महत्त्वाचे कागद त्यांच्या हाती देऊ नका म्हणावं.”

मी हे घरी सांगितलं, तेव्हा ह्यांचा चेहरा उतरला. कचेरीतले निम्मे कागद त्याच्याच हातून जात. आता ह्यांना दोघांचाही संशय येऊ लागला. शेवटी धीर करून त्यांनी बाईंना ओळखणाऱ्या म्हाताऱ्या सॉलिसिटरसाहेबांना विचारलं. साहेब पोटभर हसले. म्हणाले, “तो लंडनच्या गोदीकडचा, ती स्कॉटलंडची. दोघंही अस्सल आहेत आणि दोघांचंही बोलणं मला ऐकवत नाही.”

तरी ह्यांचं समाधान झालं नाही. “एकमेकांना सांभाळून घेतात ते,” मला म्हणाले. पण शिकवणी मोडली नाही.

काही महिन्यांनी कचेरीत नवे भागीदार आले. ते स्कॉटलंडचे. ते मजकूर सांगत आणि कारकून नुसते एकमेकांकडे पाहत. पहिल्याच दिवशी ह्यांना दोनदा बोलणी खावी लागली. घरी आले, पगडी उतरवली, आणि माझं पुस्तक माझ्या हाती देऊन खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “वाच. तुझ्या बाई वाचतात तसं.”

मी वाचू लागले. एकेक शब्द मी म्हणायचा, मग ह्यांनी. ह्यांचा र काही केल्या घोळेना, नुसताच खरखरायचा. तरी ह्यांनी सोडलं नाही. आवाज चढत गेला तशा सासूबाई स्वैपाकघरातून लगबगीने बाहेर आल्या, आणि दाराआडूनच त्यांनी कुजबुजत मला विचारलं, “कोण आलंय गं? आज तर बाईंचा वार नाही.”