तिघांच्या वाटेवर दोघं

आम्ही तिघं चालायचो तेव्हा क्रम ठरलेला असायचा. सगळ्यात पुढे हे, म्हणजे माझे यजमान, मध्ये लेक आणि शेवटी मी. पाठीवर तीन सॅक. ह्यांची निळी, तिची लाल, आणि माझी तिनेच शाळेत वापरून टाकून दिलेली, एका चेनच्या जागी सेफ्टी पिन लावलेली. धाराशिवच्या स्टँडवर आम्ही असे उभे राहिलो की ओळखीचं कुणीतरी हटकून विचारायचं, "मॅडम, कोणत्या देवाला?" कुठल्याच देवाला नाही म्हटलं की दुसरा प्रश्न, "मग लग्नाला व्हय?" देव नाही, लग्न नाही, आणि नवरा-बायको पोरीला घेऊन पाठीवर ओझं टाकून समुद्राकडे निघालेत, म्हणजे डोक्यावर परिणाम झालेला असणार, असं लोकांचं मत होतं. मला ते मत आवडायचं.

हे पाटबंधारे खात्यात क्लार्क होते, मी शाळेत शिकवायची. उन्हाळ्याच्या सुट्टीतले दहा दिवस आमचे. मालवण झालं, गुहागर झालं, गोकर्ण, उडुपी, एकदा पार पुदुच्चेरीपर्यंत गेलो. लाल डब्याची एसटी, जनरलचा डबा, मिळेल ती धर्मशाळा. आमच्याकडचं ऊन भाजतं आणि तिकडचं उकडतं, एवढाच फरक. पण भेगाळलेली काळी रानं बघून निघालेल्या माणसाला भर मे महिन्यात ते हिरवं हिरवं बघितलं की तिथल्या लोकांचा चक्क राग यायचा. यांना एवढं, आणि आम्हाला बाभळी.

ह्यांचा एकच नियम होता, भाकरी घरी ठेवायची. आमच्या भागातली माणसं कुठंही गेली तरी सोबत कडक भाकरीची चवड आणि शेंगदाण्याची चटणी नेतात, आणि आठ दिवस तीच खाऊन परत येतात. हे म्हणायचे, "जिथं जायाचं तिथलं खायाचं, न्हायतर घरी बसायचं." मग आम्ही खाल्लं. पहिल्यांदा सोलकढी समोर आली तेव्हा मी ती सरबत समजून घोटभर प्यायले आणि लसणाचा ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं. उडुपीकडे फणसाच्या पानांच्या द्रोणात वाफवलेली इडली खाल्ली. कुठलाही नवा पदार्थ आधी लेक तोंडात टाकायची, डोळे मिटायची, आणि आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत बसायचो. तिने मान डोलावली की मग आमचा हात पुढे.

आता आमच्या घरातली एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही नवरा-बायको एकमेकांशी सरळ बोलत नसू. भांडण काही नव्हतं. मी लग्न होऊन सास्तूरला आले ती त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पुढच्या वर्षी. सगळं घर पत्र्याच्या शेडमध्ये, सासू, सासरे, दोन दीर, आणि आडोसा म्हणून मध्ये बांधलेलं एक लुगडं. मोठ्यांच्या समोर नवऱ्याशी बोलायचं नाही ही पद्धत होती, आणि शेडमध्ये मोठी माणसं सदानकदा समोरच. मग लेक झाली आणि आम्हाला वाचा फुटली. "तुझ्या बाबांना म्हणावं, जेवायला वाढलंय." "तुझ्या आयला इचार बरं, किल्ली कुठं ठिवली." पोर तेव्हा तीन महिन्यांची. ती अंगठा चोखत ऐकायची आणि आमचा संसार चालायचा. पुढे धाराशिवला आमचं वेगळं बिऱ्हाड झालं, ऐकायला कुणी मोठं उरलं नाही, तरी जित्याची खोड. ह्यांना हाक मारायची तर मी लेकीचं नाव घ्यायची आणि आवाज थोडा खाली आणायची. ह्यांना बरोबर कळायचं.

वाटेवरही तसंच. हे झपाझप पुढे जाणार, मी पानं-फुलं बघत मागे रेंगाळणार, आणि मधून ती ओरडणार, "बाबा, थांबा. आई मागे राहिली."

लेकीचं लग्न झालं, ती पुण्याला गेली. पुढच्याच वर्षी आम्ही दोघं पाठोपाठ रिटायर झालो. घर सुनं वाटेल याची मला फारशी भीती नव्हती. सुनं घर माणसाला सवयीचं होतं. भीती निराळीच होती. ती मधून उठून गेल्यावर आम्हा दोघांत काही उरलंय की नाही, हे आता उघडं पडणार होतं. तीस वर्षांचा संसार म्हणजे फक्त दोन माणसांनी मिळून वाढवलेलं एक पोर, एवढंच निघालं तर काय करायचं, या विचाराने मला जेवण गोड लागत नसे.

म्हणून केरळची टूम मीच काढली. लेकीला फोनवर म्हटलं, "तुझ्या बाबांना विचार, जायचं का." तिने तिकडून ह्यांना फोन लावला. हे बाहेरच्या खोलीत, मी स्वयंपाकघरात, आणि निरोप पुण्यावरून फिरून आला, जाऊ म्हणतात.

फेब्रुवारीत सोलापूरहून गाडी धरली आणि त्रिशूरला उतरलो. चार दिवस आम्ही फिरलो. गावं देखणी होती. कौलारू घरं, दारात मिरीचे वेल, रस्त्याकडेला घागरींसारखे लटकलेले फणस. पण आम्ही बोलायचो ते असं. "चहा घ्यायचा का." "घेऊ." "निघायचं का." "निघू." कोण कुणाला म्हणतंय ते वाक्यात कुठेच नाही. एका सकाळी छोट्या हॉटेलात पुट्टू मागवला. तांदळाचं पीठ आणि नारळ नळकांड्यात भरून वाफवतात, सोबत काळ्या हरभऱ्याची उसळ. ताटं आली आणि आम्ही दोघांनीही मधल्या खुर्चीकडे बघितलं. कुणीतरी आधी खाऊन मान डोलवायला पाहिजे होती. मग हे मुकाट्याने जेवू लागले, मीही जेवले. चव चांगली होती, पण सांगणार कुणाला? रोज संध्याकाळी लेकीचा फोन यायचा आणि तेव्हा आम्ही भडाभडा बोलायचो. हे तिला सांगायचे, "तुझ्या आयचा पाय दुखतोय बहुतेक." मी शेजारीच बसलेली. पाय खरंच दुखत होता. ती म्हणाली, "अहो बाबा, तिलाच विचारा की." ह्यांनी फोन माझ्या हातात दिला.

पाचव्या दिवशी कोझिकोडला बाजारात गेलो. लांबच लांब गल्ली, दोन्ही बाजूंना दुकानं, वाहनांना बंदी. हे पुढे, मी मागे, मध्ये चार-पाच हात मोकळे. एका दुकानाच्या दारात भलीमोठी कढई मांडली होती. एक माणूस कच्ची केळी किसणीवर धरून काप थेट उकळत्या नारळाच्या तेलात सोडत होता. हात इतका चालत होता की काप तेलात पाऊस पडल्यासारखे पडत होते. मग त्याने मिठाचं पाणी तेलात ओतलं. मला वाटलं आता भडका उडणार. नुसता चर्र आवाज झाला आणि काप पिवळेधमक वर आले. मी किती वेळ बघत उभी होते कोण जाणे. मान वर केली तर निळी सॅक दिसेना.

मोबाईल माझा ह्यांच्या सॅकमध्ये, पॉवर बँकेला लावलेला. लॉजचं नाव आठवेना. भाषा येत नाही. मी गर्दीतून घाईघाईने चालू लागले. सगळ्यांच्या पाठी सारख्या दिसायला लागल्या. साठीला आलेली बाई, तीस वर्षं वर्गात गोंधळ घालणाऱ्या पोरांना गप्प बसवलेली, आणि मला तिथे भोकाड पसरावंसं वाटत होतं. आपण हरवलो यापेक्षा, आपण हरवलो हे ओरडून सांगणारं मध्ये कुणी नाही, याचं जास्त वाईट वाटत होतं.

पंधरा-वीस मिनिटांनी गल्लीच्या टोकाला सॅक दिसली. हे सावकाश चालत होते, आणि बोलत होते. उजवा हात हलत होता, मान थोडी मागे वळलेली, माणूस मागच्याला ऐकू जावं म्हणून वळवतो तशी. शेजारी कुणी नव्हतं. माझ्याशीच बोलत होते. मी मागे आहे असं समजून तो अबोल माणूस गल्लीभर बोलत आला होता.

मी "अहो" म्हटलं. "अहो" हा शब्द एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला बरा, बाजारात त्याचा निभाव लागत नाही. दोनदा म्हटलं, ह्यांना ऐकू गेलं नाही. मग तोंडातून लेकीचं नाव निघालं, चांगलं मोठ्याने. हे गर्रकन वळले. चेहरा एकदम खुलला आणि नजर माझ्यावरून पुढे गेली, माझ्या मागे कुणीतरी शोधायला. क्षणभरच. मग त्यांना कळलं, मी कुणाला बोलावलंय ते.

"ऐकलंस न्हवं, म्या काय म्हनलं ते?" ह्यांनी विचारलं. सरळ मला. डोळ्यांत बघून.

मी नव्हतेच मागे, असं म्हणायला हवं होतं. पण केळ्याचे काप बघत राहिले म्हणून ओशाळले होते, आणि त्याहून जास्त म्हणजे एवढं बोललेल्या माणसाला ते सगळं वाऱ्यावर गेलं हे सांगायला माझी जीभ रेटेना. वर्गात "कळलं का?" विचारलं की न कळलेली मुलं कशी झटकन मान हलवतात ते मी आयुष्यभर बघत आले. तशीच मान मी हलवली. "ऐकलं की."

"मग चालंल तुला?"

"चालेल."

"बरं," हे म्हणाले आणि पुढे चालू लागले. मला वाटलं, परतीचं काहीतरी असेल, नाहीतर लॉज बदलायचं असेल. पुढे कळेलच. त्या दुपारी ह्यांनी ताटातला भात तसाच सोडला. त्यांना उकाडा सोसत नाही, असं मी धरून चालले.

मार्चअखेरीस लेकीचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "आई, तू जूनपासून कायमची माझ्याकडे येतेयस? बाबा सांगत होते, त्यांनी तुला विचारलं आणि तू लगेच हो म्हणालीस. आणि बाबा गावाकडे राहून शेती बघणार म्हणे."

मी भिंतीला टेकले. मग तर मला असा राग आला की विचारू नका. म्हणजे हा माणूस गल्लीभर माझी बोळवण करायची भाषा करत होता. लेक मध्ये नाही तर बायको तरी कशाला हवी. मी बाहेरच्या खोलीत जाऊन विचारायला हवं होतं, पण कपाळाला आठ्या घालून मी डाळ निवडत बसले. हो म्हणालेय ना, मग जाणार. ह्यांनीही काही विचारलं नाही. जूनमध्ये धाराशिवच्या घराला कुलूप लागलं. हे निळी सॅक घेऊन सास्तूरच्या एसटीत बसले, मी पुण्याच्या. तोवर लेकीला दिवस गेल्याचं कळलं होतं, त्यामुळे सगळे म्हणाले, किती वेळेवर जमून आलं.

पुण्यात मला कसला त्रास नव्हता. लेक-जावई सकाळी कामावर जायचे, मी सातव्या मजल्यावरून खालच्या झाडांचे शेंडे बघायची. दिवसभर एक शब्द बोलायची गरज पडत नसे. ह्यांचा फोन लेकीला यायचा. "आय काय म्हनतीया?" हे तिकडून, आणि "बरी आहे," ती इकडून.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला धाराशिवला आले. आपण जिवंत आहोत असं बँकेत सही करून सांगितलं, आणि बाहेर पडून पुण्याच्या गाडीऐवजी सास्तूरला जाणाऱ्या गाडीत बसले. का, ते मला धड सांगता येणार नाही.

भूकंपानंतर वसवलेलं ते गाव, सरळ गल्ल्या, सारखी घरं. हे ओट्यावर लसूण सोलत बसले होते. वाळले होते. मला बघून उठले, आत जाऊन चहा ठेवला. दुधाचा, साखर कमी, मला लागतो तसा. रानात ज्वारी गुडघ्याला लागलीय म्हणाले, म्हणाले म्हणजे चुलीकडे बघून म्हणाले. चहा संपला आणि मी बोलले.

"त्या बाजारात मी तुमच्या मागे नव्हते. केळ्याच्या दुकानापाशी थांबले होते. तुम्ही काय म्हणालात त्यातलं मी एक अक्षर ऐकलं नाही."

ह्यांनी हातातला कप फिरवला.

"एकबी न्हाय?"

"नाही. काय काय म्हणाला होता?"

"लई बोललो हुतो. आता कुठं आठवायचं." कप खाली ठेवला. "शेवटाला म्हनलं, तुला माझ्यासंगं करमत नसंल तर तू लेकीकडं ऱ्हा, मी गावाकडं ऱ्हातो. तू न्हाय म्हनावंस म्हणून म्हनलं हुतं."

मी माझा रिकामा कप त्यांच्या कपाशेजारी ठेवला. मग तेच म्हणाले, माझ्याकडे बघून, "आता म्हन की."

लेकीला आठवा महिना लागला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मला पुण्याला परत जायचं होतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.